खड्ड्याआधीचा खट्ट

माणसाचे वय झाले की त्याचे सांधे बोलू लागतात. गाडीचेही तसेच आहे. फरक एवढाच, की माणसाला ‘कुठे दुखते?’ असे विचारता येते. गाडीचे दुखणे ज्याचे त्याने शोधावे लागते, आणि शोधणारा माझ्यासारखा असला तर त्यात सहा महिने जातात.

आमची गाडी म्हणजे पद्मिनी. नाव चितोडच्या राणीचे, पण राहणी अगदी शेतकऱ्याच्या घरची. फियाट अकराशे या नावाने कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीला सत्तरच्या दशकात हे नाव मिळाले. इंजिन 1089 सी.सी.चे. पुढच्या चाकांना गुंडाळीच्या स्प्रिंगा, मागच्यांना एकावर एक रचलेले पोलादी पाटे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतून ती 2023 च्या ऑक्टोबरात कायमची निवृत्त झाली. आमची मात्र वडगाव मावळात अजून नोकरीवर आहे.

तर या राणीसाहेबांनी दिवाळीच्या सहा महिने आधी ‘खट्ट’ असा आवाज काढायला सुरुवात केली. खड्डा आला की खट्ट. गतिरोधक आला की खट्ट. मावळात पाऊस कोसळतो तेव्हा रस्त्यात खड्डे पडतात की खड्ड्यांतून रस्ता जातो, हे सांगणे कठीण. त्यामुळे वडगावाहून कामशेतला जाईपर्यंत माझा अगदी तबला होई.

मी शास्त्रशुद्ध पद्धतीने तपासाला लागलो. शास्त्रशुद्ध म्हणजे, जो भेटेल त्याला विचारायचे. पहिला संशय डिकीवर गेला. जॅक, पाना, स्टेपनी, इंद्रायणी तांदळाचे अर्धे पोते, सारे बाहेर काढले. आवाज तसाच. मग मागचे दोन्ही शॉकअप बदलले. गाडी झुलायची थांबली, पण खट्ट काही हटला नाही. मग धुराड्याची नळी कुठे आपटते का ते पाहिले. एक शेजारी म्हणाले, आवाज पुढून येतो. दुसरे म्हणाले, दारातून येतो. दोघांचेही ऐकण्यात चूक नव्हती. गाडीचा सांगाडा लोखंडी. एका कोपऱ्यात पडलेला ठोका पत्र्यातून धावत जातो आणि भलत्याच कोपऱ्यात वाजतो.

शेवटी एका गॅरेजवाल्याने गाडीखाली शिरून इथे-तिथे जुन्या ट्यूबचे तुकडे कोंबले. आवाज दबला. मी त्याला खुशीने पैसे दिले आणि घरी येऊन जाहीर केले, “रोग गेला!”

आमच्या सौ. एवढेच म्हणाल्या, “रोग गेला, की रोग्याच्या तोंडात बोळा बसला?”

या प्रश्नाकडे मी दुर्लक्ष केले. संसारात ही सवय लागते.

भाऊबीजेच्या सकाळी आम्ही दोघे खोपोलीला माझ्या बहिणीकडे निघालो. द्रुतगती मार्ग झाला असला तरी आमची गाडी जुन्याच रस्त्याने जाते. दोघांनीही एकमेकांना तरुणपणी पाहिलेले आहे. कामशेत मागे पडले आणि ट्यूबचे तुकडे निसटले असावेत, कारण खट्ट परत आला, आणि तोही दुप्पट जोराने. शिवाय ब्रेक मारला की गाडी किंचित डावीकडे ओढू लागली. मी म्हटले, “टायरमध्ये हवा कमी असेल.”

सौ. मागच्या सीटवर फराळाचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “अहो, एक सांगू? हा आवाज खड्ड्यात येतच नाही. खड्ड्याच्या आधी येतो.”

“आधी कसा येईल? खड्डा काय निरोप पाठवतो?”

“ते मला ठाऊक नाही. आधी खट्ट होतो आणि मग गाडी आदळते. डबा माझ्या मांडीवर आहे, मला नीट कळते.”

कार्ला फाट्याशी मी गाडी आतल्या सपाट रस्त्याला घेतली. खड्डा नाही अशा जागी नुसता ब्रेक दाबला. खट्ट! क्लच सोडून गाडी पुढे काढली. खट्ट! मागे घेऊन ब्रेक दाबला, पुन्हा खट्ट! मग एका उंचवट्यावरून ब्रेकला पाय न लावता हळूच गाडी जाऊ दिली. काही नाही.

सहा महिने मी खड्ड्यांना शिव्या देत होतो. पण खड्डा दिसला की शहाणा माणूस आधी काय करतो? ब्रेक मारतो! आवाज ब्रेकचा होता आणि आळ खड्ड्यावर येत होता. आवाज कुठून येतो हे मी सगळ्यांना विचारले, पण केव्हा येतो हे कधी नीट पाहिले नव्हते.

लोणावळ्यात मुख्य रस्त्यामागच्या एका गल्लीत एक वयस्कर मिस्त्री राहतात. सणामुळे गॅरेज बंद होते. बहिणीची वाट पाहत ते ओसरीवर नवा सदरा घालून बसले होते. मी हकीकत सांगितली. ‘ब्रेक मारला की’ हे शब्द ऐकताच ते उठले. नव्या सदऱ्यावर जुना कोट चढवून गाडीखाली शिरले. मिनिटभरात त्यांनी मला खाली बोलावले.

“काका, हे बघा.”

पोलादी पाट्यांची जुडी आणि मागचा आस ही दोन्ही यू-बोल्टांनी करकचून बांधलेली असतात. डाव्या बाजूच्या बोल्टांभोवती तांबूस भुकटी जमली होती, आणि जिथे लोखंड लोखंडावर घासत होते तिथे ते चांदीसारखे चकाकत होते. नट हाताने फिरत होता.

“बोल्ट ढिले पडले की सगळा जोर मधल्या सेंटर बोल्टवर येतो,” मिस्त्री म्हणाले. “तो बारीक असतो. पाटे जागेवर बसवायला असतो, गाडी ओढायला नाही. तुमचा तुटलाय. ब्रेक मारला की आस सरकतो, गाडी सोडली की परत येतो. तोच तुमचा आवाज. आस तिरका झाला म्हणून गाडी ओढते. कुठं निघालात?”

“खोपोलीला.”

ते गाडीखालून बाहेर आले. हात पुसले आणि म्हणाले, “घाटात उतरवू नका.”

1830 साली गव्हर्नर माल्कमने खुला केलेला हा बोरघाटाचा रस्ता. लोणावळा सव्वासहाशे मीटर उंचीवर. तिथून पंधरा-सोळा किलोमीटरांत पाचशे मीटरांहून अधिक उतरायचे, आणि उतरायचे म्हणजे वळणावळणाला ब्रेक. मी सौ.कडे पाहिले. त्या फराळाच्या डब्याकडे पाहत होत्या.

“मागे कधी पाटे उतरवले होते का?” मिस्त्रींनी विचारले.

उतरवले होते. वर्षापूर्वी पाटे ठोकून घेतले होते. तेव्हा त्या कारागिराने बजावले होते, “पाचशे किलोमीटर झाले की परत आणा. पाटे बसतात, बोल्ट पुन्हा आवळावे लागतात.” मी गेलो नाही. गाडी काही आवाज करीत नव्हती, मग कशाला जायचे? आणि आवाज करू लागली तेव्हा पैसे देऊन मी तिचे तोंड बंद केले. दोष ना खड्ड्याचा होता, ना गाडीच्या वयाचा.

गाडी मिस्त्रींच्या दारात ठेवून आम्ही एस.टी.ने निघालो. भाऊबीजेची गर्दी. सौ.ना जागा मिळाली, मी दांडा धरून उभा. घाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी काही जणांनी खिडकीतून हात जोडले. या शिंग्रोबा धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली, असे सांगतात. मोठमोठ्या इंजिनिअरांना न दिसलेली वाट रोज मागून चालणाऱ्याला दिसली. मीही हात जोडले. मग मागच्या सीटवर बसून खट्ट मोजणाऱ्या आमच्या कुटुंबाकडे पाहिले. जाहीरपणे हात जोडणे बरे दिसले नसते, म्हणून नुसताच डबा धरायला घेतला.

चार दिवसांनी नवे यू-बोल्ट आणि नवा सेंटर बोल्ट घालून गाडी परत आली. मिस्त्रींनी पुन्हा तेच बजावले: पाचशे किलोमीटर. या वेळी मी तो आकडा कागदावर लिहून काचेपाशी चिकटवला आहे.

गाडी आता गप्प आहे. मी मात्र दर ब्रेकला कान टवकारतो.