आपल्या सर्किटचा न्यायमूर्ती कोण?



नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी अमेरिकेच्या सरन्यायाधीशांचे नाव आपण पाठ करून जातो. पण आपण राहतो त्या भागासाठी सर्वोच्च न्यायालयातले कोणते न्यायमूर्ती नेमलेले असतात, हे विचारले तर बहुतेकांना सांगता येणार नाही. २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत मलाही येत नव्हते.

अमेरिकेत फेडरल अपिलांची १३ सर्किट्स आहेत आणि सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ९. आपल्याकडे जिल्ह्याला पालकमंत्री असतो, तसा इथे प्रत्येक सर्किटला एक न्यायमूर्ती. काहींच्या वाट्याला एकाहून अधिक सर्किट्स येतात. सप्टेंबर २०२२ च्या वाटपात बॉस्टनचे फर्स्ट सर्किट केटान्जी ब्राउन जॅक्सन यांच्याकडे, कॅलिफोर्नियाचे नाइन्थ एलेना केगन यांच्याकडे, तर न्यूजर्सीचे थर्ड आणि टेक्सासचे फिफ्थ ही दोन्ही सॅम्युएल अलिटो यांच्याकडे आली.

ही पद्धत १७८९ पासूनची. तेव्हा न्यायमूर्ती घोडागाडीतून गावोगाव जाऊन खटले चालवत. १९११ च्या कायद्याने ती फिरती कागदोपत्रीही संपली. उरले ते तातडीचे अर्ज. 'खालच्या कोर्टाचा आदेश थांबवा' असा अर्ज आधी त्या सर्किटच्या न्यायमूर्तींकडे जातो. ते एकट्याने तात्पुरती स्थगिती देऊ शकतात किंवा अर्ज सर्व नऊ जणांपुढे ठेवू शकतात.

संशोधक असल्याने एन.आय.एच.च्या रद्द झालेल्या अनुदानांचा खटला मी रोज पाहत होतो. बॉस्टनच्या न्यायाधीशांनी ती रद्द करणे बेकायदा ठरवले. सरकारचा अर्ज जॅक्सन यांच्याकडे गेला आणि आम्हाला हायसे वाटले. पण त्यांनी तो पूर्ण न्यायालयापुढे ठेवला. २१ ऑगस्ट २०२५ रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी सुमारे ७८ कोटी डॉलरची अनुदाने रोखायला सरकारला मोकळीक मिळाली. जॅक्सन विरोधात होत्या. तरी उपयोग झाला नाही.

माझा सिद्धांत साधा होता: न्यायमूर्ती आपल्या विचारांचे तर निकाल आपल्या बाजूचा. पुरावा पाहिल्यावर तो टिकला नाही. एप्रिल २०२३ मध्ये मिफेप्रिस्टोन या गर्भपाताच्या औषधावरील निर्बंधांना पहिली स्थगिती दिली ती अलिटो यांनी. आणि फूड स्टॅम्पचे पूर्ण पैसे द्या, हा ऱ्होड आयलंडच्या न्यायाधीशांचा आदेश ७ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री थांबवला तो जॅक्सन यांनी! मात्र आपण तो का थांबवत आहोत आणि ही स्थगिती केव्हा संपेल, हे त्यांनी आदेशातच लिहिले. याउलट १८ मार्च २०२४ रोजी टेक्सासच्या एस.बी. ४ या स्थलांतरविषयक कायद्याला रोखून धरणारी स्थगिती अलिटो यांनी 'पुढील आदेशापर्यंत' वाढवली. मुदत नाही, कारण नाही. दुसऱ्याच दिवशी पूर्ण न्यायालयाने ती उठवली. तो कायदा मला अन्यायाचाच वाटतो, म्हणून स्थगिती मला आवडली होती. पण आपल्या सोयीची मनमानी हीही मनमानीच.

मध्यरात्री कोणीतरी जागे असायला हवे, हे मान्य. पण कोणी कोणत्या दारावर बसायचे, हे ठरते कसे? वाटप न्यायालयाच्या आदेशाने व्हावे, एवढेच कायदा सांगतो. निकष सांगत नाही. ज्येष्ठता आणि मूळ प्रांत पाहण्याची प्रथा आहे, पण प्रथा म्हणजे नियम नव्हे. आमच्या प्रयोगशाळेत कोणता नमुना कोणाकडे जाणार, हे चिठ्ठी टाकून ठरते. तेही साध्या उंदरांच्या बाबतीत. इथे तर माणसांचे पोट आणि औषध पणाला लागलेले असते.

म्हणून दोन मागण्या. वाटपाचा निकष लेखी जाहीर करा, नाहीतर सरळ चिठ्ठ्या टाका. आणि एकट्या न्यायमूर्तीच्या प्रत्येक स्थगितीला चार ओळींचे कारण आणि शेवटची तारीख सक्तीची करा. वाटपाची तरतूद साध्या कायद्यात आहे. काँग्रेस ती बदलू शकते. आपल्या सेनेटरला पत्र लिहायला ग्रीन कार्डही लागत नाही.

निदान आपल्या सर्किटच्या न्यायमूर्तींचे नाव तरी आज शोधा. पालकमंत्री कोण, हे आपण विचारतोच की!