‘सी-टाइप’ आहे, मग स्क्रीन काळी का?

सेमिनार हॉल भरलेला, इंटर्नलचे मार्क पणाला लागलेले आणि भिंतीवरच्या पडद्यावर दोनच शब्द : ‘नो सिग्नल’. ही वेळ तुमच्यावर आली असेल, तर पोटातला तो गोळा वेगळा सांगायला नको. माझ्यावर शेवटच्या सेमिस्टरला आली. लॅपटॉप नवा, सी-टाइप पोर्टला लावायला हबही नवा. सगळं फिट बसलं, चित्र मात्र येईना. शेवटी मैत्रिणीच्या लॅपटॉपवरून पेन ड्राइव्हने भागवलं. (तिच्याकडे माझा मराठी फॉन्ट नव्हता. तो किस्सा पुन्हा कधीतरी.)

हबला घातलेल्या शिव्या वाया गेल्या, कारण घोळ पोर्टचा होता. ‘टाइप-सी’ हे नाव फक्त आकाराचं आहे. २०१४मध्ये तो आकार ठरला. त्यातून चार्जिंग, डेटा आणि चित्र असं तिन्ही जाऊ शकतं; पण चित्र पाठवण्याची सोय, म्हणजे ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’, द्यायची की नाही हे कंपनीच्या मर्जीवर. स्वस्त लॅपटॉपमध्ये ती अनेकदा गाळलेली असते. केबलचंही तेच. मोबाइलसोबतची केबल दिसायला जुळी बहीण, पण बहुतेकदा चार्जिंग आणि यूएसबी २.०चा जुना वेग, एवढंच तिचं काम.

आता बातम्या आठवा. युरोपियन युनियनने २८ डिसेंबर २०२४पासून मोबाइल, टॅबलेटला टाइप-सी सक्तीचं केलं. लॅपटॉपसाठी तारीख ठरली २८ एप्रिल २०२६. आयफोन तर २०२३मध्येच या रांगेत आला. आपल्याकडे बीआयएसनेही टाइप-सीचं मानक आणलं. आपण समजलो, चला, सुटलो! पण युरोपचा नियम चार्जिंगचा आहे. मॉनिटर चालेल की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ई-कचरा कमी करण्याचा हेतू चांगलाच, पण चालेल या आशेवर घेतलेले हब अन् केबली आपल्या ड्रॉवरमध्ये साठतायत, त्यांचं काय?

यावर नेमकं बोट ठेवलं ते मायक्रोसॉफ्टने. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रमाणपत्र हवं असेल, तर लॅपटॉपच्या प्रत्येक सी-टाइप पोर्टवर चार्जिंग आणि किमान एक मॉनिटर चालायलाच हवा, अशी अट २०२५मध्ये जाहीर झाली. उशिरा का होईना! पण आपल्यातले कितीतरी जण सेकंडहँड लॅपटॉप घेतात. तिथे ही अट कुठली लागू होणार?

म्हणून मॉनिटर लागला नाही, तर आधी फुकटचे उपाय करा. मॉनिटरच्या मेन्यूत योग्य इनपुट निवडलाय का ते बघा, विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ करा, दुसरी केबल लावून पाहा. लॅपटॉपला एचडीएमआय असेल, तर हबच्या नादाला लागूच नका. तरी काळंच दिसलं, तर पोर्टशेजारी ‘डी’मध्ये ‘पी’ अशी खूण किंवा थंडरबोल्टची वीज आहे का ते शोधा. खूण नसली तरी सोय असू शकते, त्यामुळे मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर खात्री करा. दुकानदाराला विचारू नका. मी विचारलं होतं. ‘सी-टाइप आहे ना ताई, सगळं चालतं!’ हे त्याचं उत्तर.

माझ्या पोर्टला ती सोय नाहीच. आता डिस्प्लेलिंकवाला अडॅप्टर घ्यायचा विचार आहे. तो साध्या हबपेक्षा महाग, त्यात ड्रायव्हर टाकावा लागतो. पण ऑल्ट मोड नसलेल्या पोर्टवरही चालतो. स्टायपेंड जमा व्हायची वाट बघतेय.