साथीचे दिवस आणि आपला शेजारधर्म

13 ऑक्टोबर 1935 रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्याच्या भूमीवरून धर्मांतराची घोषणा केली. माणसाने माणसापासून दूर राहावे, असे सांगणाऱ्या व्यवस्थेला ती निर्वाणीची नोटीस होती. त्याच येवल्यात 2020 च्या मार्च महिन्यात 'सामाजिक अंतर पाळा' हे शब्द फलकांवर आणि ध्वनिक्षेपकांवर आले, तेव्हा ते आम्हाला खटकले. विषाणू शरीराकडून शरीराकडे जातो, म्हणून शरीरांमध्ये अंतर हवे, हे मान्यच आहे. परंतु समाजासमाजांतील अंतर आमच्या वाडवडिलांनी पिढ्यानपिढ्या सोसले आहे. म्हणून वस्तीत आणि विद्यार्थ्यांशी दूरध्वनीवर बोलताना आम्ही 'शारीरिक अंतर' हाच शब्द वापरला.

हा केवळ शब्दाचा वाद नाही. साथ सर्वांना सारखीच गाठते, असे म्हणण्याची प्रथा आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो. 1918 च्या इन्फ्लुएंझाला आपल्याकडे 'मानमोडी' म्हणत. त्या साथीत मुंबई शहरातील युरोपियनांमध्ये मृत्यूचे प्रमाण हजारी सुमारे 8, सवर्ण हिंदूंमध्ये सुमारे 19, तर अस्पृश्य व तथाकथित खालच्या जातींमध्ये सुमारे 61 होते. रोग एकच, शहरही एकच. फरक होता तो राहत्या खोलीचा, पाण्याचा, पोटातल्या अन्नाचा आणि आजारपणात शुश्रूषा करणाऱ्या हातांचा. यांतले शेवटचे, म्हणजे शुश्रूषेचे हात, शेजाऱ्यालाही देता येतात.

असे हात देणारी आपली पूर्वसूरी म्हणजे सावित्रीमाई फुले. पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळच्या माळरानावर दवाखाना उघडला आणि माई स्वतः रुग्णांना तेथे पोहोचवू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले. त्यातच त्यांना संसर्ग झाला व 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. पुढे सरकारने लष्कराकरवी घरझडत्या सुरू केल्या आणि लोक रुग्ण दडवू लागले. बंदोबस्ताने जे साधले नाही, ते ओळखीच्या माणसाने साधते, हा या इतिहासाचा धडा आहे.

तथागतांच्या चरित्रातही असा प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू विहारात एकटाच पडून होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नसे, म्हणून इतर त्याच्याकडे फिरकत नसत. तथागतांनी आनंदाच्या साहाय्याने त्याला स्वतः आंघोळ घातली आणि मग संघाला समज दिली की, येथे तुमचे आईवडील नाहीत, तेव्हा तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली पाहिजे. निवासी शाळेत वाढलेल्या मुलाला हा उपदेश वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता आपल्या गावाकडे पाहू. पैठणीच्या मागावर बसणाऱ्या कारागिराला साडी मागावरून उतरल्यावर मजुरी मिळते. टाळेबंदी आली ती नेमकी लग्नसराईत. बाजार बंद, मागणी बंद, म्हणून माग बंद. उचलीचा बोजा मात्र तसाच राहिला. कालपर्यंत आपल्या बोटांवर घर चालवणारा हा माणूस धान्यवाटपाच्या रांगेत उभा राहायला लाजत होता. त्यातच एका संस्थेची मंडळी धान्याची पिशवी हातात देताना छायाचित्र काढत. पिशवी घेऊन मान खाली घालून परतणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. याउलट पाच रुपये मोजून शिवभोजन थाळी घेणारा माणूस ताठ मानेने जेवत होता. मदतीतून पोट भरावे आणि मानही राहावी, ही आमच्या मते पहिली कसोटी.

दुसरी कसोटी अशी की मदत जातधर्म विचारणार नाही. आपल्याच जिल्ह्यातील मालेगावात रुग्ण वाढले, तेव्हा रोगाला एका समाजाचे नाव चिकटवण्याचा प्रयत्न झाला. ज्यांच्या सावलीचाही एके काळी विटाळ मानला गेला, त्यांनी तरी अशा कुजबुजीत सामील होऊ नये. अफवा तेथल्या तेथे खोडून काढणे, हीसुद्धा साथीतील सेवाच आहे.

मग प्रत्यक्ष काय करावे? आमच्या मते तयारी साथ येण्याआधीच हवी. प्रत्येक वस्तीची एक वही असावी. एकटे राहणारे वृद्ध, गरोदर स्त्रिया, मधुमेहाची वा रक्तदाबाची रोजची औषधे घेणारे, शिधापत्रिका नसलेली कुटुंबे आणि घरात फोन नसलेले विद्यार्थी यांची नोंद तीत ठेवावी. दारोदार फिरणाऱ्या आशाताईंना ही वही मोठा आधार होईल. शाळा बंद पडल्यास विहाराच्या ओसरीवर चार-चार मुलांना अंतरावर बसवून माजी विद्यार्थ्यांनी वाचन-लेखन चालू ठेवावे. शाळा सुटलेल्या मुलीचे लग्न लवकर उरकले जाते, हे आपण विसरू नये. मृत्यूच्या घरी कागदपत्रांसाठी कोणी तरी बसावे. कोविडने मृत्यू झालेल्यांच्या वारसांना 50,000 रुपयांचे साहाय्य मंजूर झाले, पण अर्ज भरता येत नसेल तर त्या मंजुरीचा उपयोग काय? तेथे लिहित्या हाताची गरज असते आणि तो हात शाळेनेच घडवलेला असतो.

निधीचा प्रश्न निघेल. 14 एप्रिल 2020 रोजी आपण बाबासाहेबांची जयंती घरोघरी साजरी केली आणि अनेक ठिकाणी मिरवणुकीची वर्गणी धान्याकडे वळली. त्याच वर्षी 6 डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाण्याची ओढ आवरून समाज घरी थांबला. शिस्त आणि दानत, दोन्ही आपल्याकडे आहेत. प्रश्न इतकाच की, ती संकटापुरतीच का असावी? दरवर्षी जयंतीच्या वर्गणीतील ठरावीक हिस्सा आरोग्य आणि धान्याच्या कायम निधीत जमा करावा आणि त्याचा हिशेब विहाराच्या भिंतीवर लावावा, अशी आमची सूचना आहे. ध्वनिक्षेपकाच्या चार भिंती कमी झाल्या, तर बाबासाहेबांच्या गौरवात काही उणे येणार नाही.

या शाळेच्या आजी-माजी विद्यार्थ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. पुढची साथ कधी आणि कोणती येईल, हे आपल्या हाती नाही. पण ती आली त्या दिवशी आपल्या वस्तीतील कोणत्या दारावर आधी थाप द्यायची, हे आपल्याला ठाऊक असावे. वहीचे पहिले पान याच आठवड्यात लिहावे.