जमदग्नी आणि हिस्टेरिकल



‘मॅडम, ती हिस्टेरिकल आहे,’ सल्ला केंद्रात आलेल्या नवऱ्याने बसता बसताच सांगितलं. शांत आवाज, इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. बायको रडत होती, मध्येच ओरडत होती, तारखांचा घोळ घालत होती. कबूल करायला हवं, पहिली दहा मिनिटं आम्हालाही तोच समंजस वाटला. तिच्या दंडावरचे वळ नंतर दिसले.

ग्रीक भाषेत ‘हिस्टेरा’ म्हणजे गर्भाशय. ते जागेवरून हलतं म्हणून बाईचा श्वास कोंडतो, अशी प्राचीन ग्रीक वैद्यकातली समजूत. म्हणजे बाईपण हाच आजार! एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या डॉ. शार्को यांनी पुरुषांनाही हिस्टेरिया होतो हे दाखवलं, तरी शब्द बाईलाच चिकटून राहिला. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने निदानांच्या नव्या यादीत ‘हिस्टेरिया’ हे स्वतंत्र नाव ठेवलं नाही. वैद्यकाने टाकलेला हा शब्द घरात, पोलीस चौकीत, कोर्टाच्या आवारात मात्र सुखाने नांदतो आहे.

इंग्रजीला दोष देऊन आपली सुटका नाही. मराठीत रागीट पुरुष जमदग्नी, म्हणजे थेट ऋषीच. बाई मात्र आक्रस्ताळी, कजाग. तिचा थयथयाट, तिचा त्रागा. ती काय म्हणाली हे बाजूला राहतं, कशी म्हणाली याचीच चर्चा होते. खरं तर मार खाल्लेल्या, रात्रभर न झोपलेल्या माणसाने मुद्देसूद बोलावं ही अपेक्षाच विचित्र आहे.

हा शब्द कागदावर चढला की महाग पडतो. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३ मध्ये मनोविकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. तेवढ्याने खटला सिद्ध होत नाही, पण मुलांच्या ताब्याच्या वादातही ‘हिच्या डोक्यावर परिणाम झालाय’ असं सहज म्हटलं जातं. उलट २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने अपमान, हेटाळणी, नावं ठेवणं हा भावनिक छळच मानला आहे. आपल्यापैकी किती जणी तक्रार लिहिताना ते नोंदवतात?

एखादी बाई खरंच मानसिक आजारी असू शकते. तिला उपचार हवेत, आणि तरीही तिचे वळ खरेच असतात.

आमच्या केसपेपरवर आम्हीही ‘अतिभावनिक’ असा शेरा मारत असू. आता लिहितो: सकाळी अकराला आली. रडत होती. डाव्या दंडावर वळ. कालपासून जेवलेली नाही.