मान मोडून डोकं थांबतं का?

मंडळी, आमच्या पिंपळवंडीत डोकं दुखलं की सुंठेचा लेप, नाहीतर बाम. दाढी झाली की सलूनमध्ये मान कडकन मोडून घेणारेही पुष्कळ. आता तरुण मंडळी मोबाईलवर पाहून कायरोप्रॅक्टिकचं नाव घेतात. ही पद्धत डी. डी. पामर यांनी १८९५ साली अमेरिकेत सुरू केली. तिकडे तिचं रीतसर शिक्षण आणि परवाना असतो.

पण गुण येतो का? मानेतून उठणाऱ्या डोकेदुखीत काहींना थोडा आराम पडतो. अर्धशिशीचं तसं नाही. नॉर्वेतली एक चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीत खरे उपचार आणि नुसते केल्यासारखे दाखवलेले उपचार, दोन्हींत दुखण्याचे दिवस सारखेच कमी झाले! म्हणजे गुण झटक्याचा म्हणता येत नाही.

धोका मात्र झटक्याचाच. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं अस्तर फाटून पक्षाघात होऊ शकतो. क्वचित होतो, पण होतो. २०२४ साली बळ्ळारीत सलूनमध्ये मान मोडून घेतलेल्या तिशीतल्या माणसाला झाला.

माझं मत सरळ आहे. वारंवार डोकं दुखत असेल तर आधी कारण शोधावं. रक्तदाब मोजावा, डोळे तपासावेत. महिन्यातून पंधरा-पंधरा दिवस गोळ्या घेतल्या तर गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं, हेही डॉक्टरांना विचारावं. मान हलक्या हाताने चोळून घ्या, खुशाल. झटका कुणालाच देऊ देऊ नका, मग त्याच्या दारावर पाटी कोणतीही असो.