चार शुभवर्तमाने एक करावीत काय?

येशू ख्रिस्ताचे जीवन सांगणारी मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची चार शुभवर्तमाने ठिकठिकाणी परस्परांशी जुळत नाहीत, आणि त्यावरून दोन टोकांचे पूर्वपक्ष मांडले जातात. पहिला पक्ष म्हणतो की, ज्या साक्षीदारांचे एकमेकांशी पटत नाही त्यांची साक्ष फेटाळावी. दुसरा पक्ष श्रद्धाळूंचा असून, हे भेद वरवरचे आहेत आणि चारही वृत्तान्त एकत्र गुंफले की ते नाहीसे होतात, असे तो मानतो. हे दोन्ही पक्ष टिकणारे नाहीत.

दुसरा पक्ष आधी तपासावा, कारण तो वसईच्या ख्रिस्ती घरांत अधिक रुजलेला आहे. वटार, नंदाखाल, निर्मळ या पट्ट्यात नाताळला जे गोठे उभारले जातात, त्यांत गव्हाणीतल्या बाळाच्या एका बाजूला मेंढपाळ आणि दुसऱ्या बाजूला तीन राजे असतात. मेंढपाळ व गव्हाण लूकची. पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक मत्तयाचे. मत्तय त्यांना राजे म्हणत नाही, त्यांची संख्या देत नाही, आणि ते गोठ्यात नव्हे तर घरात आल्याचे सांगतो. भक्तीच्या देखाव्यात हे मिश्रण शोभते व त्याला कोणी हरकत घेऊ नये. मात्र तोच देखावा इतिहास म्हणून शिकवला की दोन्ही लेखकांचे म्हणणे हरवते. मत्तयाच्या कथेत हेरोद राजाच्या भीतीने कुटुंब इजिप्तला पळते, तर लूकच्या कथेत ते विधी उरकून शांतपणे नाझरेथला परतते.

सर्व वृत्तान्तांची एकच कथा करण्याचा मोठा प्रयत्न दुसऱ्या शतकात, सुमारे 170 साली, तातियान या ख्रिस्ती लेखकाने केला. त्याचे ‘दियातेस्सारोन’, म्हणजे चारांतून घडवलेले एक शुभवर्तमान, सीरियातील चर्चमध्ये दीर्घकाळ वाचले जाई. पाचव्या शतकात बिशप थिओडोरेट यांनी आपल्या प्रांतातून त्याच्या दोनशेहून अधिक प्रती काढून घेतल्या व त्या जागी चार स्वतंत्र शुभवर्तमाने दिली. तातियानाने वंशावळी गाळल्या, ही त्यांची एक तक्रार होती. ती रास्त होती, कारण मत्तय योसेफाच्या पित्याचे नाव याकोब सांगतो आणि लूक एली सांगतो. ही दोन नावे एका कथेत बसवायची तर कात्री लावावीच लागते. मतभेद मिटवणारा अखेर मजकूरच मिटवतो.

यावर जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’चा दाखला दिला जाईल. गोव्यातील राचोल येथे 1616 साली छापलेल्या या ग्रंथाने ख्रिस्तचरित्र सलग ओवीबद्ध केले, हे खरे. परंतु ते पुराण आहे, शुभवर्तमानांची जागा घेणारा धर्मग्रंथ नव्हे, आणि त्याचे मोल त्याच्या मराठीत आहे.

आता पहिला पक्ष. त्याचे गृहीतकच चुकते, कारण शुभवर्तमान हे न्यायालयातील जबानीसारखे घटनाक्रमाचे टिपण नसून श्रद्धावंत समाजासाठी केलेली घोषणा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1965 च्या ‘देई व्हेर्बुम’ या दस्तऐवजात शुभवर्तमानांच्या ऐतिहासिकतेची ग्वाही दिली आहे आणि त्याच वेळी लेखकांनी अनेक गोष्टींतून काहींची निवड केली, काहींचा संक्षेप केला व काही आपापल्या मंडळींची स्थिती पाहून उलगडल्या, असेही मान्य केले आहे. मार्क, मत्तय व लूक यांच्या मते शेवटचे भोजन हे वल्हांडणाचे, म्हणजे इजिप्तच्या दास्यातून झालेल्या सुटकेच्या सणाचे भोजन होते. योहानाच्या मते सणाचे भोजन अजून व्हायचे असताना, कोकरे कापली जाण्याच्या दिवशीच येशू क्रूसावर मरण पावला. योहानाच्या शुभवर्तमानात येशूला देवाचे कोकरू म्हटले आहे, हे ध्यानात घेतले की त्याच्या कालगणनेमागील अर्थ दिसतो.

तरीही प्रत्येक भेदाला असा गूढार्थ चिकटवणे अप्रामाणिक ठरेल. लूक येशूच्या जन्माची सांगड सीरियाचा रोमन सुभेदार क्विरिनिय याच्या जनगणनेशी घालतो. ती जनगणना इ. स. 6 मध्ये झाली आणि ज्याच्या काळात हा जन्म सांगितला आहे तो हेरोद इ. स. पूर्व 4 च्या सुमारास मरण पावला. येथे लूकची कालगणना चुकली असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि ते मान्य करण्याने श्रद्धेचे काही बिघडत नाही.

भेद न मिटवता जपण्याची रीत चर्चच्या उपासनेतच आहे. 1969 च्या वाचनक्रमानुसार झावळ्यांच्या रविवारी मत्तय, मार्क किंवा लूक यांपैकी त्या वर्षाच्या लेखकाचा दुःखसहनाचा वृत्तान्त वाचतात आणि गुड फ्रायडेला दरवर्षी योहानाचा. मार्कच्या वर्षी वसईचा भाविक रविवारी कुरेनेच्या शिमोनाला येशूचा क्रूस वाहताना आणि येशूला टाकून दिलेल्याच्या आक्रोशात मरताना ऐकतो. पाच दिवसांनी तोच भाविक आपला क्रूस स्वतः वाहणारा, पकडायला आलेल्या सैनिकांना केवळ शब्दाने मागे पाडणारा आणि कार्य पुरे झाल्याचे सांगून प्राण सोडणारा येशू ऐकतो. वटार-नंदाखालच्या मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’द्वारे हे चारही वृत्तान्त सोप्या मराठीत आणले आहेत. आता धर्मशिक्षणाच्या वर्गात जर्मन अभ्यासक ग्रीसबाख यांच्या 1776 च्या पद्धतीने त्यांचे उतारे शेजारी-शेजारी स्तंभांत मांडून मुलांना वाचू द्यावेत, आणि कोणता लेखक काय सांगतो, काय गाळतो, हे त्यांचे त्यांनाच शोधू द्यावे.