पाच मिनिटांसाठी पंप बंद

दिवाळीच्या बोनसमधून मॅक्रो लेन्स घेतली. म्हटलं, हॉलमध्येच अख्खा समुद्र आहे, मग फोटोंसाठी मालदीव कशाला? शंभर लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक, त्यात क्लाउनफिशची जोडी (हो, तोच निमोवाला मासा), थोडे दगड आणि मातीची एक कुंडी. कोरल नाही. खरं कोरल वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात आहे. दुकानदार कितीही गोड बोलला, तरी नाही म्हणायचं.

पहिले दोनशे फोटो फुकट! निम्म्यांत काचेत मीच, पिवळ्या टी-शर्टात. उरलेल्यांत नुसता निळा धूर. मग एकेक फंडा कळत गेला. हॉलचे दिवे बंद आणि अंगात काळा टी-शर्ट. लेन्स काचेच्या अगदी समोरासमोर. जरा तिरकी धरलीत की मासा पुसल्यासारखा दिसतो. निळे एलईडी कमी करून पांढरे वाढवायचे आणि फोटो रॉमध्ये काढायचे, म्हणजे रंग नंतर जागेवर आणता येतात. फ्लॅश समोरून मारला की पाण्यातला कण न् कण चमकतो, म्हणून मारायचाच तर वरून.

पण खरी परीक्षा फोकसची. १:१ मॅक्रोत, एफ ११ ठेवलं तरी जेमतेम एक-दीड मिलिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. डोळा शार्प, तर कल्ला गेला. मासा हलला, संपलं! म्हणून ट्रायपॉड, आणि पाणी स्थिर व्हावं म्हणून पंप बंद. फक्त पाच मिनिटं.

मार्चमध्ये बाईसाहेबांनी कुंडीवर अंडी घातली. (क्लाउनफिश सगळे नर म्हणूनच जन्मतात, जोडीतला वरचढ पुढे मादी होतो. आईला हे सांगितलं, तर म्हणाली, "आता बास गं!") अंडी तांदळाच्या कणीएवढी. आधी नारिंगी, मग काळपट आणि आठवड्याच्या शेवटी प्रत्येकात दोन चंदेरी डोळे. अंड्यांना ऑक्सिजन मिळावा म्हणून नर दिवसभर परांनी वारा घालतो.

सातव्या संध्याकाळी मी पंप बंद केला, एक फोटो काढला आणि ऑफिसचा फोन आला. क्लायंट, डेडलाइन, नेहमीचंच. मी बोलत बोलत बाल्कनीत गेले.

"अगं, हा मासा वर येऊन तोंड का उघडतोय?" आईची हाक आली, तेव्हा एक तास होऊन गेला होता. कोमट खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. मादी पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होती. नर मात्र कुंडीपाशीच होता, वेड्यासारखे पर हलवत.

पंप लावला. हात जाम थरथरत होते. अर्ध्या तासाने मादी खाली आली.

क्लाउनफिशची अंडी अंधार पडल्यावर फुटतात. सकाळी कुंडीवर बरीचशी जागा रिकामी होती आणि एका कडेला पाच-सहा अंडी पांढरीफटक. फुटलेली पिल्लं जगवायला रोटिफर लागतात, ते माझ्याकडे नव्हते. त्यांतलं एकही वाचलं नाही.

कार्डवर त्या संध्याकाळचा तो एकच फोटो आहे. डोळ्यांची रांग एकदम सही आलीये, मागे नराचा पर हललेला. कुणाला दाखवावासा वाटत नाही.

कॅमेऱ्याच्या बॅगेत आता स्वयंपाकघरातला टायमर असतो. आईने ठेवलाय.